मोटारीतील ध्वनिसंचाची सुधारणा

मोटारीतील ध्वनिसंचाची सुधारणा म्हणजे कारखान्यातून बसवून आलेला स्टिरिओ, स्पीकर आणि त्यांच्या जोडण्या यांत आवाजाचा दर्जा वाढावा या हेतूने केलेले बदल. स्पीकर बदलणे, दरवाज्याच्या पत्र्याला कंपरोधक थर लावणे, स्वतंत्र ॲम्प्लिफायर व सबवूफर जोडणे, तसेच ध्वनिसंकेतावर अंकीय प्रक्रिया करणारे उपकरण बसवणे या कामांचा त्यात समावेश होतो. बोलीभाषेत या सगळ्याला 'गाडीला म्युझिक सिस्टीम बसवणे' असे म्हटले जाते. पुष्कळ मालक सुधारणेची सुरुवात डॅशबोर्डवरील स्टिरिओ बदलून करतात, कारण तोच डोळ्यांना दिसतो. प्रत्यक्षात कानाला जाणवणारा फरक मुख्यतः पुढचे स्पीकर आणि ते ज्या दरवाज्यात बसतात तो दरवाजा यांमुळे पडतो.

इतिहास

शिकागो येथील गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० साली 'मोटोरोला' या नावाने मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला. हेच नाव पुढे कंपनीनेही धारण केले. जर्मनीत ब्लाउपुंक्टचा मोटार-रेडिओ १९३२ साली आला. हे सुरुवातीचे रेडिओ निर्वात नलिकांवर चालत. नलिकांना लागणारा उच्च विद्युतदाब बॅटरीतून मिळवण्यासाठी वेगळी यंत्रणा लागे व ती बरीच जागा अडवी. १९५५ साली क्रायस्लर व फिल्को यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला आणि ही अडचण दूर होऊ लागली. फिलिप्सची कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ साली, तर पायोनियरचा मोटारीसाठीचा सीडी प्लेअर १९८४ साली आला. विशिष्ट गाडीच्या आतील जागेसाठी बेतलेला ध्वनिसंच कारखान्यातच बसवण्याची कल्पना बोस कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने १९८०च्या दशकाच्या आरंभी अमलात आणली.

सुधारणेचा व्यवसाय फोफावण्यास एक साधे मानक कारणीभूत ठरले. डॅशबोर्डमधील स्टिरिओच्या खाचेचे माप जर्मन 'डीआयएन' मानकाने ठरवून दिले (सुमारे १८० मिमी रुंद व ५० मिमी उंच) आणि पुढे ते आयएसओ ७७३६ या आंतरराष्ट्रीय मानकात आले. त्यामुळे एका कंपनीचा स्टिरिओ काढून दुसऱ्या कंपनीचा बसवणे सोपे झाले. दुप्पट उंचीच्या खाचेला 'डबल डिन' म्हणतात.

भारतात परिस्थिती थोडी निराळी होती. प्रीमियर पद्मिनी व ॲम्बॅसडरच्या काळात, आणि नंतरही लहान गाड्यांच्या स्वस्त आवृत्त्यांमध्ये, ध्वनिसंच कारखान्यातून येतच नसे. तो बाहेरून विकत घेऊन बसवावा लागे. त्यामुळे येथे हा व्यवसाय सुधारणेपेक्षा नसलेली वस्तू बसवून देणारा म्हणून वाढला. डेक, चार स्पीकर आणि जोडणी हे सारे एकाच दुकानात, बहुधा एकाच दुपारी उरकले जाई. दरवाज्याच्या आत डोकावून पाहण्याची पद्धत त्यामुळे फारशी रुजली नाही.

ऐकण्याची जागा म्हणून मोटार

घरातील खोलीच्या तुलनेत मोटार ही संगीत ऐकण्यास गैरसोयीची जागा आहे. धावत्या गाडीत टायर, इंजिन व वारा यांचा गोंगाट सतत असतो आणि त्यातील बरीच ऊर्जा खालच्या वारंवारितांमध्ये असते. परिणामी तबल्याचा बायाँ, मृदंगाची धुमी बाजू किंवा बेस गिटार यांचे स्वर गोंगाटात झाकले जातात व उरलेले संगीत कर्कश वाटते. काचा ध्वनी परावर्तित करतात, तर आसने तो शोषून घेतात. ऐकणारा कधीच दोन स्पीकरांच्या मध्यावर नसतो. गाडी उभी असताना उत्तम वाटलेला संच महामार्गावर निराशा करतो तो यामुळेच. म्हणून दुकानासमोर उभ्या गाडीत केलेली चाचणी अपुरी असते.

वॅटचे आकडे

स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॅट × ४' असे ठळक छापलेले असते. हा आकडा कोठून येतो हे साध्या गणिताने समजते. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब साधारणपणे १४.४ व्होल्टपर्यंत असतो. स्टिरिओतील ॲम्प्लिफायरची चकती स्पीकरच्या दोन्ही टोकांना विरुद्ध दिशांनी चालवते, त्यामुळे स्पीकरला मिळणारा सर्वोच्च दाब जेमतेम या १४.४ व्होल्टइतका असू शकतो. शुद्ध साइन तरंगासाठी त्याचे परिणामी मूल्य १०.२ व्होल्ट येते आणि ४ ओहम रोधाच्या स्पीकरला मिळणारी शक्ती २६ वॅट ठरते. चकतीतील ऱ्हास वजा जाता, विकृती नगण्य असताना, प्रत्यक्षात १८ ते २० वॅट हाती लागतात.

याउलट आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवून तरंगाचे माथे पूर्ण छाटले, म्हणजे साइन तरंगाचा चौरस तरंग केला, तर १४.४ चा वर्ग भागिले ४ या हिशेबाने सुमारे ५२ वॅट येतात. खोक्यावरचा आकडा तो हाच. तो खोटा नाही, पण त्या अवस्थेत जे बाहेर पडते त्याला संगीत म्हणणे कठीण आहे. खरेदी करताना 'पीक' किंवा 'मॅक्स' या शब्दांकडे दुर्लक्ष करून 'आरएमएस' शक्ती पाहावी असे सांगितले जाते ते याचसाठी. अमेरिकेत २००३ साली आलेल्या सीईए-२००६ या मानकाने १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त १ टक्का विकृती या अटींवर शक्ती मोजण्याची रीत घालून दिली. मात्र ते पाळणे उत्पादकांवर बंधनकारक नाही.

स्टिरिओ कोणताही घेतला, तरी त्याच बॅटरीवर व त्याच रोधावर चालणाऱ्या नेहमीच्या चकतीला ही मर्यादा ओलांडता येत नाही. ती ओलांडायची तर बॅटरीचा दाब आधी वाढवून घेणारा स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो. परंतु शक्ती दुप्पट केली की ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा घेतल्यास ॲम्प्लिफायर न बदलता तोच ३ डेसिबलचा लाभ होतो. ॲम्प्लिफायरचा खरा उपयोग आवाज मोठा होण्यापेक्षा ढोलाचा ठोका किंवा तानेचे टोक न छाटले जाण्यात आहे.

स्पीकर

मोटारीतील स्पीकर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. कोॲक्शियल प्रकारात मोठ्या शंकूच्या मध्यावरच लहान ट्विटर बसवलेला असतो. कंपोनंट प्रकारात वूफर दरवाज्यात खाली, तर ट्विटर आरशाजवळ किंवा डॅशबोर्डवर बसतो आणि क्रॉसओव्हर हे परिपथ दोघांत वारंवारिता वाटून देते. उच्च वारंवारितेचा ध्वनी टॉर्चच्या झोताप्रमाणे सरळ जातो. दरवाज्याच्या तळाशी बसवलेल्या कोॲक्शियल स्पीकरचे वरचे स्वर ऐकणाऱ्याच्या पोटऱ्यांवर आदळतात, कानापर्यंत पोचत नाहीत. या एका कारणासाठी पुढच्या दारांत कंपोनंट संच घेणे श्रेयस्कर ठरते.

पुष्कळ लहान गाड्यांच्या पुढच्या दारांत साडेसहा इंची (सुमारे १६५ मिमी) स्पीकर मावतो. खोली मोजताना काच पूर्ण खाली घेऊन मोजावी लागते, अन्यथा स्पीकरचे चुंबक काचेला घासते. मागच्या स्पीकरांचे पुढे बसणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्व कमी असते. अंदाजपत्रक आखडते असेल तर चार सामान्य स्पीकरांऐवजी पुढची एकच चांगली जोडी घेणे योग्य.

जोडणीत धन व ऋण टोकांची अदलाबदल ही अगदी साधी पण वारंवार होणारी चूक आहे. एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला गेला तर एक शंकू बाहेर येताना दुसरा आत जातो, खालचे स्वर एकमेकांना मारतात आणि गायकाचा आवाज समोरून येण्याऐवजी विखुरल्यासारखा वाटतो. तपासण्यासाठी दीड व्होल्टचा सेल पुरतो. स्पीकरच्या तारा स्टिरिओपासून सोडवून सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला व ऋण टोक ऋण टोकाला क्षणभर टेकवले की वूफरचा शंकू बाहेरच्या दिशेने उचलला पाहिजे.

दरवाजा

स्पीकरचा शंकू पुढे सरकला की त्याच्या समोर हवेचा दाब वाढतो व त्याच क्षणी मागे कमी होतो. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. मागचा तरंग पुढे येण्यास काही सेंटिमीटरांची वाट मिळाली, तर दोन्ही जवळजवळ पूर्णपणे परस्परांना छेद देतात. म्हणून स्पीकरची पुढची व मागची हवा वेगळी ठेवणारे खोके लागते. मोटारीत हे खोके म्हणजे दरवाजा. पण दरवाजा ध्वनीसाठी बनवलेला नसतो. त्याच्या आतल्या पत्र्यात काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेपर्यंत हात जावा म्हणून मोठी भोके असतात व ती पातळ प्लॅस्टिकच्या कागदाने झाकलेली असतात. बाहेरचा पत्रा मिलिमीटरहूनही पातळ असून तो स्पीकरबरोबर स्वतःही थरथरतो.

कारागीर प्रथम बाहेरच्या पत्र्याच्या आतील बाजूला कंपरोधक थर चिकटवतो. तो सहसा ब्यूटिल रबराचा असून त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असतो. पत्र्याचे कंपन थरात उष्णतेच्या रूपाने विरून जाते. संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते. पत्र्याच्या मधल्या, जास्त थरथरणाऱ्या भागावर पाव ते निम्म्या क्षेत्रफळाइतका थर पुरेसा होतो. त्यानंतर आतल्या पत्र्याची भोके बंद केली जातात. शेवटी स्पीकर पॅडच्या प्लॅस्टिकवर न बसवता घट्ट कड्यावर बसवून पत्र्यालाच आवळला जातो. यांपैकी भोके बंद करण्याचे काम सर्वांत स्वस्त असून फरक सर्वांत जास्त पाडते. स्पीकर जुनेच ठेवून केवळ एवढे केले तरी खालचे स्वर भरल्यासारखे वाटतात.

येथे सामग्रीची निवड हवामानावर अवलंबून असते. छपरावर वापरतात तसा डांबरी थर स्वस्त पडतो, पण वैशाखात उन्हात बंद उभ्या गाडीत तो मऊ पडून घसरतो व वास मारतो. काचेच्या कडेने पावसाचे पाणी दरवाज्याच्या पोकळीत नेहमीच उतरते आणि तळाच्या छिद्रांतून निघून जाते. ती छिद्रे थराने बुजल्यास दरवाज्यात पाणी साठून पत्रा आतून गंजतो. जो प्लॅस्टिकचा कागद काढून टाकला जातो तोच ते पाणी आसनांपर्यंत येऊ देत नसतो, त्यामुळे त्याच्या जागी लावलेला थर जलरोधक हवा. कड्यासाठी एमडीएफ हा लाकडी भुशाचा तक्ता सर्रास वापरला जातो. कोकणासारख्या पावसाळी प्रदेशात तो एक-दोन मोसमांत फुगतो व स्क्रू सैल पडतात. प्लॅस्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे कडे थोडे महाग, पण टिकाऊ असते.

वीजपुरवठा व आगीचा धोका

स्वतंत्र ॲम्प्लिफायरला वीज थेट बॅटरीवरून घ्यावी लागते. चार वाहिन्यांना प्रत्येकी ५० वॅट देणारा एबी वर्गाचा ॲम्प्लिफायर ६० टक्के कार्यक्षमतेने चालतो असे धरल्यास पूर्ण भारावर तो सुमारे ३३० वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला २४ अँपिअर ओढतो. संगीत ऐकताना सरासरी याहून पुष्कळ कमी असते, पण तार पूर्ण भार धरूनच निवडावी लागते. पाच मीटर लांब, ८ चौरस मिमी छेदाच्या तांब्याच्या तारेत या धारेला पाव व्होल्टची घट होते. तीच लांबी २.५ चौरस मिमीची असेल तर घट ०.८ व्होल्टवर जाते आणि तार तापू लागते. बाजारात 'ॲम्प्लिफायर किट' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त तारा अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असल्याने त्या जाडीच्या मानाने कमी धारा पेलतात.

या तारेवर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असणे अत्यावश्यक आहे. हा फ्यूज ॲम्प्लिफायरचे रक्षण करतो असा समज आढळतो, तो चुकीचा आहे. त्याचे काम तारेचे रक्षण करण्याचे. इंजिनाच्या कप्प्यातून आत येणारी तार पत्र्याच्या धारेवर घासून सोलली गेली तर ती सरळ गाडीच्या सांगाड्याला टेकते, आणि बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर सोडू शकते. फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ असेल तर या अपघातात तो वितळतच नाही, कारण धारा त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते. आवरण पेट घेते. म्हणून पत्र्यातील प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट बसवतात व तारेवर संरक्षक नळी चढवतात.

अर्थिंगची तार तेवढ्याच जाडीची असावी व रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळावी. ती सैल असल्यास किंवा संकेताची केबल वीजतारेला लगटून टाकलेली असल्यास स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो व ॲक्सिलरेटर दाबताच त्याची पट्टी चढते. हा अल्टरनेटरचा आवाज होय. तो टाळण्यासाठी वीजतार गाडीच्या एका बाजूने आणि संकेताची केबल दुसऱ्या बाजूने नेण्याचा प्रघात आहे.

ॲम्प्लिफायरवरील 'गेन' ही आवाज वाढवण्याची कळ नव्हे. स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून, विकृती ऐकू येईपर्यंत गेन वाढवायचा व मग थोडा मागे घ्यायचा, ही ती लावण्याची रीत होय.

सबवूफर

साधारण ८० हर्ट्झच्या खालचे स्वर सबवूफरकडे सोपवले की दरवाज्यातील स्पीकरांवरील ताण हलका होतो व तेही अधिक स्वच्छ वाजतात. बंदिस्त पेटी आकाराने लहान असते व तिचा आवाज नेटका येतो. छिद्रयुक्त पेटी तेवढ्याच शक्तीत मोठा आवाज देते, मात्र तिचे माप चुकल्यास एकच स्वर घुमत राहतो. मोटारीची छोटी जागा येथे प्रथमच उपयोगी पडते: सुमारे २.८ मीटर लांबीच्या केबिनमध्ये ६० हर्ट्झच्या खाली दाब आपोआप वाढत जातो, त्यामुळे बंदिस्त पेटीची त्या भागातील घट बरीचशी भरून निघते. सीएनजीच्या टाकीने डिक्की व्यापलेल्या गाड्यांत आसनाखाली बसणारा चपटा सबवूफर हा व्यवहार्य पर्याय असतो. त्याची तार टाकीपासून व तिच्या नळ्यांपासून दूर नेणे इष्ट.

विलंब व समतोलन

उजव्या बाजूला चालक असणाऱ्या गाडीत उजवा स्पीकर कानापासून समजा ९० सेंमी, तर डावा १३० सेंमी अंतरावर असतो. ध्वनी हवेत एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंमी जातो. म्हणजे डावीकडचा आवाज सुमारे १.२ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मानवी श्रवणाला आधी पोचलेल्या ध्वनीवरून दिशा ठरवण्याची सवय आहे. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाच्या १९४९ सालच्या प्रबंधामुळे या घटनेला 'हास परिणाम' असेही म्हणतात. म्हणून सारा वाद्यवृंद उजव्या दारात कोंबल्यासारखा वाटतो. अंकीय संकेत-प्रक्रियक (डीएसपी) जवळच्या स्पीकरचा संकेत १.२ मिलिसेकंद थांबवून धरतो आणि गायक डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन उभा राहिल्याचा भास होतो. ज्यांनी हे कधी ऐकलेले नाही त्यांना हा बदल नव्या स्पीकरांपेक्षाही मोठा वाटू शकतो. अर्थात ही सोय एकाच आसनासाठी असते. शेजारी बसलेल्याच्या दृष्टीने असमतोल वाढतो.

समतोलकाने एखाद्या वारंवारितेचा फुगवटा खाली आणता येतो, परंतु परावर्तनामुळे पडलेला अरुंद खड्डा भरता येत नाही. तेथे मूळ ध्वनी व त्याचे परावर्तन परस्परांना रद्द करत असतात. मूळ ध्वनी वाढवला की परावर्तनही तितकेच वाढते.

श्रवण आणि कायदा

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या (एनआयओएसएच) शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा ध्वनी दिवसाला ८ तासांपर्यंत सहन करावा व त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी धरावी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला ती १५ मिनिटे राहते. विकृतीरहित संचाचा आवाज कर्कश वाटत नसल्यामुळे तो नकळत वाढवला जातो, हा चांगल्या संचाचा दुर्लक्षित धोका आहे. भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. शिवाय रुग्णवाहिकेचा भोंगा किंवा मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू न येणे हा चालकाच्या दृष्टीने थेट धोका ठरतो.

एकात्मिक प्रणालीच्या गाड्या

अलीकडील अनेक गाड्यांत डॅशबोर्डवरील पडदा हा केवळ स्टिरिओ राहिलेला नाही. मागचा कॅमेरा, वातानुकूलनाचे दर्शक व गाडीच्या सेटिंग्ज त्यावरच असतात आणि तो गाडीच्या अंतर्गत संदेशजालाशी जोडलेला असतो. तो बदलणे अवघड व बरेचदा निरर्थक असते. अशा वेळी स्पीकरकडे जाणारा संकेत थेट स्वीकारणारा ॲम्प्लिफायर किंवा डीएसपी वापरतात. मूळ प्रणालीने आवाजाच्या पातळीनुसार खालचे स्वर मुद्दाम कापलेले असू शकतात, म्हणून जोडणीपूर्वी तो संकेत मोजून घेतला जातो.

वरच्या खांबांवर ट्विटर बसवताना तेथे पडदा-एअरबॅग आहे का हे आधी पाहावे लागते. एअरबॅगच्या जोडण्या सहसा पिवळ्या रंगाच्या असतात व त्यांना हात लावू नये. मूळ वायरिंग कापून जोडणी केल्यास विद्युतप्रणालीवरील हमी नाकारली जाऊ शकते. ते टाळण्यासाठी त्या त्या गाडीचे तयार कपलर मिळतात. त्यांनी जोडलेला संच गाडी विकताना सुटा करून जुने स्पीकर पूर्ववत बसवता येतात.